कोलंबाच्या मागोमाग: गार्टनच्या शिळेपासून आयोनाच्या किनाऱ्यापर्यंत

आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, डोनेगल काउंटीतल्या गार्टनमध्ये, तळ्याच्या वरच्या अंगाला एक आडवी शिळा पडलेली आहे. तिच्यावर वाटीएवढे खळगे आहेत आणि बहुतेक वेळा त्यांत पावसाचं पाणी साचलेलं असतं. कुणीतरी टाकलेली नाणी तळाशी हिरवी पडलेली दिसतात. आयरिश भाषेत तिचं नाव 'लाक ना कुवा', म्हणजे घराच्या ओढीची शिळा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला निघालेली माणसं आदल्या रात्री इथे येऊन या दगडावर निजायची. इथे एक रात्र काढली की परमुलखात घराची आठवण छळत नाही, असा समज.

हा समज जोडला गेला तो संत कोलंबाशी. आयरिश लोक त्याला कोल्मकिल म्हणतात, म्हणजे 'चर्चचं कबूतर'. परंपरेप्रमाणे त्याचा जन्म ७ डिसेंबर ५२१ चा, इथलाच. पुढे ५६३ मध्ये बारा सोबत्यांना घेऊन तो समुद्रापार स्कॉटलंडच्या आयोना बेटावर गेला, तिथे मठ वसवला आणि ९ जून ५९७ ला तिथेच वारला.

बहुतेक प्रवासी थेट आयोना गाठतात, मठ पाहतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या फेरीबोटीने परततात. माझं म्हणणं असं की ही यात्रा त्याच्या आयुष्याच्या क्रमानेच करावी: गार्टन, ग्लेनकोल्मकिल, डेरी आणि शेवटी आयोना. घर सोडलेल्या माणसाचं बेट पाहायचं, तर त्याने सोडलेलं घर आधी बघून घ्यावं. घाई न करता आठ-नऊ दिवस लागतात.

आधी कागदपत्रं, मग देवदर्शन

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. गार्टन आणि ग्लेनकोल्मकिल आयर्लंड प्रजासत्ताकात, तर डेरी आणि आयोना युनायटेड किंग्डममध्ये. दोन्ही देशांचे व्हिसा वेगळे, आणि शेंगेन व्हिसा यांपैकी कुठेच चालत नाही. भारतीय नागरिकांसाठी ब्रिटिश–आयरिश व्हिसा योजना आहे. तिच्यात बसणाऱ्या व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, पण ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरावं लागतं. आपला व्हिसा या योजनेत बसतो का, हे तिकिटं काढण्याआधी दोन्ही सरकारांच्या संकेतस्थळांवर तपासा, कारण हे नियम बदलत राहतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींनीही 'मी तर इथलाच' असं धरून चालू नये. ब्रिटनचं वास्तव्यपत्र म्हणजे आयर्लंडचा व्हिसा नव्हे.

गोची कुठे होते? दोन देशांच्या सीमेवर नाका नाही, फाटक नाही, शिपाई नाही. रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर गेल्या की समजायचं, देश बदलला. डब्लिनहून डोनेगलमधल्या लेटरकेनीला जाणारी थेट बस मोनॅहन सोडल्यावर ओमा, स्ट्रबॅन अशी उत्तर आयर्लंडमधूनच जाते. म्हणजे डोनेगलला निघालेला माणूस डुलकी घेता घेता युनायटेड किंग्डममध्ये शिरून बाहेरही पडतो. बसमध्ये कागद तपासायला कुणी चढत नाही असं नाही. फक्त आयर्लंडचा व्हिसा असेल तर स्लायगोमार्गे डोनेगल टाउनला जा. वळसा पडतो, पण रस्ता सगळा प्रजासत्ताकातून आहे.

कधी जायचं आणि काय न्यायचं

मे अखेर ते जूनचा मध्य. जमलं तर ९ जूनला ग्लेनकोल्मकिलमध्येच असा, तो त्याच्या पुण्यतिथीचा दिवस. या दिवसांत रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळी पाचला उतरलात तरी पाहण्यासारखं बरंच हाताशी राहतं.

पाऊस गृहीत धरा. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करून देतो. टोपीचा रेनकोट आणि घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट हवेत. इथली जमीन म्हणजे पीटची दलदल. वरून गवत, खाली स्पंज. पाय टाकला की 'फस्स' आवाज होतो आणि मोजा ओला. दुसरा शत्रू मिज नावाचं चिलट. मिठाच्या कणाएवढं असतं, पण वारा पडला की थव्याने येतं आणि कपाळाची साल काढतं. त्यावरचं मलम तिथल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं.

डोनेगलमध्ये आता रेल्वे अजिबात नाही. बस आहेत, पण मोजक्या. गाडी भाड्याने घेणं सोयीचं, शिवाय आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. गिअर नसलेली गाडी हवी असेल तर आधी मागून ठेवा आणि सीमा ओलांडणार असल्याचं गाडी घेतानाच सांगा, म्हणजे विम्याचा घोळ होत नाही. आडबाजूच्या खेड्यांत रस्ता एका गाडीपुरताच असतो. समोरून कुणी आलं तर जवळच्या रुंद जागेत थांबायचं आणि जाणाऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. एवढा नमस्कार पुरतो. न उचलणारा पाहुणा लगेच ओळखू येतो.

पहिला मुक्काम: गार्टन

लेटरकेनीहून गार्टनजवळचं चर्चहिल गाव साधारण सोळा किलोमीटर. वाटेत टेम्पल डग्लसचे भग्नावशेष लागतात. कोलंबाचा बाप्तिस्मा इथे झाला असं मानतात. पंधरा मिनिटं थांबलात तरी चालेल. बालपणी त्याला सांभाळायला ठेवलं ते किल्मक्रेनन जवळच आहे. उच्च कुळातल्या मुलांना दुसऱ्याच्या घरी वाढवायची तेव्हाच्या आयर्लंडमध्ये रीतच होती. बाप फेडलिमिड आणि आई एथ्ना, दोघंही राजघराण्यांतली. भिक्षू झाला नसता तर कोलंबा गादीवर बसण्याच्या गोष्टी झाल्या असत्या.

गार्टन तळ्याच्या काठी कोल्मकिल वारसा केंद्र आहे. ते हंगामापुरतंच उघडं असतं, म्हणून जाण्यापूर्वी वेळ बघा. सुरुवात तिथून करा, नकाशा घ्या. मग वर जुन्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, पडक्या भिंती आणि शेजारचा पवित्र झरा. अवशेष छोटेसेच आहेत. 'एवढंच?' असं वाटणार, वाटू द्या. भोवती थडगी, खाली तळं, पलीकडे डोंगर. इथे बसायचं असतं.

त्यानंतर जन्मस्थान. तिथे १९११ साली उभारलेला मोठा दगडी क्रॉस आहे आणि घराच्या ओढीची ती शिळाही याच परिसरात आहे. खळगे कोलंबाच्या कितीतरी आधीचे, प्रागैतिहासिक काळातले. जुन्या श्रद्धेचा दगड नव्या श्रद्धेने आपलासा केला. शेंदूर फासलेला दगड पुढे एखाद्या देवाच्या नावाने ओळखला जातो, हे आपल्याला नवीन नाही.

क्रॉसची गोष्ट मात्र तिथे उभं राहूनच आठवावी. तो उभारला कॉर्नेलिया अडेअर या जमीनदारणीने. तिचा नवरा जॉन जॉर्ज अडेअर याने १८६१ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या डेरीव्हे भागातली २४४ माणसं घरांतून हुसकून बाहेर काढली. त्यांच्यातली बरीच पुढे ऑस्ट्रेलियाला गेली. त्याच अडेअरचा ग्लेनव्हे किल्ला आज राष्ट्रीय उद्यानात आहे आणि चर्चहिलहून गाडीने थोड्याच अंतरावर. बागा सुंदर आहेत, जरूर जा. पण शिळेवर जाऊन आल्यावर जा.

एक पथ्य. गार्टनची माती बुडण्यापासून आणि आगीपासून वाचवते अशी श्रद्धा आहे, आणि ती उकरण्याचा मान परंपरेने एकाच घराण्याकडे चालत आला आहे. आपण चमचा घेऊन उकरायला बसू नये. शिळेवर आडवं व्हायला हरकत नाही. मी झालो होतो, पाच मिनिटं. पाठ गार पडली. पुढच्या आठवड्यात घरची आठवण आली नाही असं मात्र म्हणवत नाही.

दुसरा मुक्काम: ग्लेनकोल्मकिल आणि तिथला तुरस

गार्टनहून गाडीने दोन तास धरा. किलीबेग्स हे मासेमारीचं बंदर मागे टाकलं की रस्ता डोंगरात शिरतो. हा आयरिश बोलणाऱ्यांचा मुलूख. पाट्यांवर इंग्रजी नावं नसतात, म्हणून 'ग्लेन खोलम किल' हे आयरिश नाव आणि त्याचं स्पेलिंग आधी नजरेखालून घाला. वाटेत स्लीव्ह लीगचे कडे आहेत, ६०१ मीटर उंच. आभाळ स्वच्छ असेल तर त्या दिवशी तेच करा. यात्रा ढगातही होते, कडे ढगात दिसत नाहीत.

कोलंबा या खोऱ्यात प्रत्यक्ष आला होता का, याचा समकालीन पुरावा नाही. श्रद्धा मात्र खोऱ्याच्या दगडादगडात आहे. 'तुरस' म्हणजे प्रवास आणि यात्राही. इथला तुरस पंधरा स्टेशनांचा, साधारण साडेपाच किलोमीटरचा. स्टेशन म्हणजे कुठे कोरीव उभा दगड, कुठे खड्यांची रास, कुठे झरा. ९ जूनला गावकरी हा फेरा घालतात आणि जुन्या रिवाजाने सूर्योदयापूर्वी, अनवाणी. इतर दिवशी कुणीही एकटादुकटा जाऊ शकतो.

मराठी माणसाला यातली मुख्य गोष्ट समजवावी लागत नाही. बहुतेक स्टेशनांना तीन फेऱ्या घालायच्या आणि त्याही सूर्याच्या दिशेने, दगड उजव्या हाताला ठेवून. प्रदक्षिणाच ती. आयरिशमध्ये या दिशेला 'देशल' म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'उजवा' हाच अर्थ आहे. आपल्या 'दक्षिण'चा तो लांबचा भाऊबंद. उलट्या दिशेने फिरणं अशुभ. हे एवढं पाळलंत तर गावातली म्हातारी माणसं खूश.

फेरा असा घाला.

गावातल्या चर्च ऑफ आयर्लंडच्या आवाराशी सुरुवात होते. पहिलं स्टेशन म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या हजारो वर्षं आधीचं दफनस्थान, आता दगडांचा ढीग. तिथून पुढे शेतांमधून वाट जाते. जमीन खासगी आहे. फाटक जसं असेल तसं ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. मेंढ्यांच्या मधून जाताना कुत्रा सोबत नको.

मग चढ. डोंगरउतारावर कोलंबाच्या नावाचं पडकं चॅपल आहे आणि आत त्याचा 'पलंग', म्हणजे सपाट दगड. भाविक त्यावर निजून तीनदा कूस बदलतात. इथला एक गुळगुळीत दगड अंगाभोवती फिरवायचा, दुखऱ्या भागावरून न्यायचा आणि होता तिथे ठेवायचा. गुडघ्यावरून फिरवताना मागे कोणी हसत तर नाही ना, हे मी पाहून घेतलं. मागचा माणूस आपल्या पाळीची वाट बघत होता.

त्याच्या वर झरा. खालून येतानाच तीन खडे उचलून घ्यायचे, झऱ्याभोवती फिरायचं आणि दर फेरीला एक खडा राशीवर टाकायचा. ही रास आता माणसाहून उंच झाली आहे. शतकानुशतकं एकेक जण तीन-तीन खडे टाकत आला, त्याचा हा हिशेब. खडे चढावरच उचला. झऱ्याशी पोहोचून शोधायला लागलात तर सापडतात फक्त राशीतलेच, आणि ते काढणं बरं दिसत नाही. पाणी ओंजळीने प्यायची पद्धत आहे. मी ते डोळ्यांना लावलं. वरच्या अंगाला मेंढ्या चरत होत्या.

उतरल्यावर फॅरनमॅकब्राइडचा उंच कोरीव दगड येतो. हे नववं स्टेशन आणि माझ्या मते सगळ्यांत देखणं. भौमितिक नक्षीत वरच्या बाजूला आरपार एक भोक आहे. लग्न ठरलेली जोडपी दोन बाजूंना उभी राहून त्यातून बोटांची टोकं टेकवायची. मन निर्मळ असेल तर भोकातून स्वर्ग दिसतो असंही सांगतात. मला पलीकडचं पत्र्याचं गोठ्याचं छप्पर दिसलं.

शेवट पुन्हा चर्चपाशी. एकूण तीन ते चार तास लागतात. अनवाणी करायचाच असेल तर चपला पिशवीत ठेवा. दलदल पायाला बरी वाटते, डांबरी रस्ता सोलून काढतो. मुक्काम गावातच करा. फादर जेम्स मॅकडायर यांनी १९६७ मध्ये सुरू केलेलं गवती छपरांचं लोकजीवन संग्रहालय समुद्राच्या बाजूला आहे, थकलेल्या पायांना तेवढंच झेपतं.

डेरी: अर्धा दिवस पुरे

लेटरकेनीहून डेरी पस्तीसेक किलोमीटर. इथून पौंड चालतो. शहराचं नाव 'डोइरे' म्हणजे ओकची राई. इतिवृत्तांप्रमाणे कोलंबाने ५४६ च्या सुमारास इथे मठ वसवला. ओकच्या झाडांवर त्याचा जीव होता असं सांगतात, आणि म्हणून ९ जूनला इथले लोक ओकचं पान छातीला लावतात. लाँग टॉवर चर्च जुन्या मोठ्या देवळाच्या परंपरागत जागेशी जोडलेलं आहे. ते पाहा, त्याच्या आवारातला कोलंबाचा दगड पाहा आणि मग सतराव्या शतकातल्या शहरभिंतीवरून दीडेक किलोमीटरचा फेरा मारा. वरून ही सगळी वस्ती एका नजरेत येते.

मधली गोष्ट: गाय आणि वासरू

आयोनाकडे निघण्याआधी, तो का गेला हे माहीत असावं. कथा अशी. कोलंबाने आपल्या गुरूचं, फिनियनचं, स्तोत्रांचं पुस्तक गुपचूप उतरवून घेतलं. गुरूने प्रत मागितली. वाद राजा डिआर्मिटकडे गेला. राजा म्हणाला, प्रत्येक गाईला तिचं वासरू, प्रत्येक पुस्तकाला त्याची प्रत. प्रत गुरूची ठरली. याच रागातून ५६१ मध्ये कूल ड्रेव्नची लढाई पेटली, असं परंपरा सांगते, आणि तिच्या प्रायश्चित्तासाठी त्याने देश सोडला. वादाला आणखी राजकीय कारणं होती यात शंका नाही, पण लोकांना वासरूच आठवतं.

त्या भांडणातली प्रत म्हणून मानलं गेलेलं 'काहाख' नावाचं हस्तलिखित डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. आज त्याची ५८ पानं उरली आहेत. डब्लिनहून सुरुवात करणार असाल तर ते सध्या पाहायला ठेवलं आहे का याची चौकशी करा.

आयोना

डेरीहून रेल्वेने बेलफास्ट, तिथून बोटीने केअर्नरायन, मग ग्लासगो: हा अख्खा एक दिवस. दुसऱ्या सकाळी ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून ओबानची गाडी धरा. तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. पुढची साखळी अशी: ओबान ते क्रेगन्यूर मोठी फेरीबोट, पाऊण-एक तास. क्रेगन्यूर ते फियॉनफर्ट मल बेटावरून बस, साधारण साठ किलोमीटर आणि सव्वा तास. शेवटी दहा मिनिटांची छोटी बोट. पर्यटकांच्या गाड्या आयोनावर जात नाहीत, त्यामुळे इथे गाडीचा उपयोग नाही.

ही साखळी एका कडीने तुटली की सगळी तुटते. ओबानची बोट वाऱ्याने रद्द झाली तर बस चुकते. म्हणून आयोनावर किमान दोन रात्री ठेवा आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा. बेट पाच-साडेपाच किलोमीटर लांब, दोनेक रुंद. राहायच्या जागा मोजक्या आणि उन्हाळ्यासाठी महिनोन्महिने आधी भरलेल्या. आधी खोली, मग बोट, मग विमान, असा उलटा क्रम लावा.

आज दिसतो तो मठ कोलंबाचा नव्हे. तो बेनेडिक्टाइन भिक्षूंचा, सन १२०० च्या सुमारास सुरू झालेला आणि विसाव्या शतकात दुरुस्त केलेला. त्या कामाच्या निमित्ताने जॉर्ज मॅक्लाऊड यांनी १९३८ मध्ये आयोना कम्युनिटी ही ख्रिस्ती संस्था स्थापन केली. तिच्या प्रार्थना मठात रोज होतात आणि त्यांना कुणीही बसू शकतो. दारासमोरचा सेंट मार्टिनचा क्रॉस आठव्या शतकापासून आपल्या जागी उभा आहे. शेजारचा सेंट जॉनचा क्रॉस प्रतिकृती, मूळचा आतल्या संग्रहालयात.

खरं पाहायचं ते समोर आहे आणि लोक त्याला पाठ करून उभे असतात. टोर अन आबा, मठाधिपतीची टेकडी. चार पावलांत चढता येईल असा खडक. नववा मठाधिपती अॅडम्नान याने लिहिलेल्या चरित्रात कोलंबा उंचावरच्या झोपडीत लिहीत बसायचा असं येतं. १९५७ मध्ये इथे उत्खननात जळक्या लाकडाचा कोळसा मिळाला होता. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत त्याचा काळ ५४० ते ६५० च्या दरम्यानचा निघाला. म्हणजे ती झोपडी त्याच्या हयातीतली असू शकते. शेवटच्या दिवशीही तो स्तोत्रांची नक्कल करत होता. एका ओळीपाशी थांबला आणि म्हणाला, पुढचं बाइथिनने लिहावं. हा बाइथिन म्हणजे त्याच्यामागून मठाधिपती झालेला.

दुसरा दिवस दक्षिण टोकासाठी. बोटीच्या धक्क्यापासून पश्चिमेच्या गवताळ मैदानावरून, मग दलदलीतून आणि तळ्याच्या बाजूने कोलंबाच्या खाडीपर्यंत. जाऊन येऊन किमान तीन तास. वाटेत दुकान नाही, आडोसा नाही. पाणी आणि खायला सोबत घ्या. हीच ती जागा, जिथे त्याची कातड्याची होडी लागली असं मानतात. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. लाटा मागे सरताना गोटे एकमेकांवर घासून कडकड वाजतात. हिरव्या रंगाचे, अर्धपारदर्शक खडे शोधणारे लोक तासन्‌तास वाकलेले दिसतील. वरच्या टेकाडावरच्या राशीचं नाव 'आयर्लंडकडे पाठ'. तिथून मायदेश दिसत नाही याची खात्री करून मगच तो बेटावर राहिला, असं सांगतात.

आयोना कम्युनिटीच्या पायी फेरीत इथे दोन खडे उचलायला सांगतात. मागे टाकायचं असेल ते मनात धरून एक समुद्रात भिरकवायचा, दुसरा सोबत न्यायचा. मी ग्लेनकोल्मकिलच्या चढावर चुकून चार खडे उचलले होते, त्यातला चौथा रेनकोटच्या खिशात तसाच राहिला होता. तो फेकला. परत निघताना घड्याळ पाहा: शेवटची बोट तुमच्यासाठी थांबत नाही, आणि दलदलीतून येताना जाण्यापेक्षा वीस मिनिटं जास्तच लागतात.